माती निवू द्या

अकोल्यातल्या आमच्या घरामागे वीस फूट बाय तीस फूट जागा आहे. इतर ठिकाणी तिला परसबाग म्हणतील, आमच्या वऱ्हाडात सांदवाडी म्हणतात. एका कडेला शेवगा, दुसऱ्या कडेला मोरीच्या पाण्यावर वाढलेला कढीपत्ता आणि मधे काळीभोर माती. मे महिन्यात दुपारी दोन वाजता या मातीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. तिला एवढ्या भेगा पडतात, की हातातलं खुरपं निसटलं तर मुठीपर्यंत आत जातं. मृगाचे दोन पाऊस झाले, की हीच माती चपलेला किलोकिलोची ढेकळं चिकटवते. अशा मातीत, अशा उन्हात, विकतची रोपं न आणता बियापासून घरची भाजी कशी काढायची, हा या पुस्तकाचा विषय आहे.

पुस्तक लिहायचं कारण माझ्या पहिल्या वर्षात आहे. लग्नानंतर या घरात आले, तेव्हा मोठ्या हौसेने टोमॅटोच्या बियाण्याचं एक चकचकीत पाकीट आणलं. पाठीमागे लिहिलं होतं, वसंतात पेरा, भरपूर ऊन द्या. चैत्र म्हणजे वसंत, आणि उन्हाची तर इथे कमतरता नाही, म्हणून मार्चच्या मध्यावर बी टाकलं. रोपं आली, वाढली, मेच्या दुसऱ्या आठवड्यात पिवळ्या फुलांनी भरून गेली. मग एकेक फूल गळायला लागलं. टोमॅटोच्या फुलाच्या देठावर मधोमध एक गाठ असते, नेमकं त्या गाठीतून ते तुटतं. रोज सकाळी झाडाखाली फुलांचा सडा पडलेला असे. मी खत घातलं, पाणी वाढवलं, कडुनिंबाचा अर्क फवारला. गळ थांबली नाही. जी चार-सहा फळं धरली, तीही लाल झाली नाहीत, नारिंगी-पिवळीच राहिली.

तेव्हा वाटलं होतं, आपल्या हाताला गुण नाही. पुढे कळलं की झाड आजारी नव्हतंच. दिवसाचा पारा पस्तिशीच्या पुढे आणि रात्रही तापलेली असली, की टोमॅटोचे पराग निकामी होतात आणि फूल फळ न धरता गळतं. पिकताना फळाला लाल रंग देणारं द्रव्यही तिशीच्या पुढच्या उष्णतेत नीट तयार होत नाही. टोमॅटो हे मूळचं दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातलं, थंड रात्रींच्या मुलखातलं झाड. त्याला वऱ्हाडातला मे महिना दाखवणं हीच चूक होती, आणि ती पाकिटाच्या पाठीवर छापलेली होती. पाकीट खोटं बोलत नव्हतं. जिथे मार्चमध्ये बर्फ वितळतो, तिथल्या माणसांसाठी ते लिहिलेलं होतं.

त्या वेळी सासरच्या आजी ओट्यावर बसून माझी धडपड पाहत असत. एकदा म्हणाल्या, ‘काहून घाई करतं वं? माती निवू दे आंधी, मंग बी टाक.’ एवढंच. आज इतक्या वर्षांनंतर मी त्यांच्या त्या एका वाक्याभोवती पुस्तक बांधते आहे.

कारण बी हवेवर रुजत नाही, मातीवर रुजतं. वर्तमानपत्रात छापून येतं ते सावलीतल्या हवेचं तापमान. बी असतं उघड्या काळ्या मातीत अर्धा इंच खाली, आणि त्या मातीचा पृष्ठभाग उन्हाळ्यातल्या दुपारी साठ अंशांपर्यंत जाऊ शकतो. प्रत्येक बियाला स्वतःचा एक पट्टा मानवतो. भेंडीला तीस ते पस्तीस अंशांची ऊबदार माती लागते, थंडीत तीच भेंडी दोन-दोन आठवडे तोंड वर काढत नाही. उलट लेट्यूसचं बी तिशीच्या पुढे चक्क झोपी जातं. ते मेलेलं नसतं, माती निवली की जागं होतं. कोथिंबीर, गाजर, वाटाणा यांनाही गारवाच हवा. म्हणून ‘बी उगवलं नाही, दुकानदाराने फसवलं’ असं म्हणण्याआधी दोन बोटं मातीत खुपसून पाहावीत. दहा आकडे मोजेपर्यंत बोटं सुखाने आत राहत नसतील, तर तिथे कोवळा कोंबही राहणार नाही.

कुठलं झाड कुठून आलं हे ठाऊक असलं, की निम्मी बागकाम-विद्या आपोआप येते. वांगं, काकडी, दोडका ही इथलीच माणसं. भेंडी आणि चवळी आफ्रिकेतून आलेली, त्यांना ऊन नवीन नाही. कोबी-फुलकोबी युरोपच्या किनाऱ्यावरची, त्यांना दसऱ्यानंतरच बोलवावं. आपला पालक आणि पुस्तकातला विलायती पालक हे तर एकाच नावाचे दोन परके आहेत. आपला पालक बिटाच्या घराण्यातला, उन्हाला पुष्कळ सोसतो. विलायती पालक उष्णतेत लगेच फुलावर येतो आणि संपतो. परदेशी पुस्तक वाचून पालक पेरणाऱ्यांची फसगत इथेच होते.

आणि तांदुळजा! भर उन्हाळ्यात बाकी पालेभाज्या माना टाकतात, तेव्हा तांदुळजा, माठ, राजगिरा आणि आपोआप उगवणारी घोळ तरारून येतात. या झाडांची हवेतला कर्ब बांधण्याची पद्धत निराळी आहे. ज्वारी, मका, ऊस यांचीही तीच. कडक उन्हात आणि कमी पाण्यात ती जास्त काम करते. घोळ तर पाणी अगदीच तुटलं, की रात्री पानांची तोंडं उघडून कर्ब साठवते आणि दिवसा ती बंद ठेवते. ज्या भाजीला आपण रानभाजी म्हणून उपटून टाकतो, ती आपल्या हवेची सर्वांत जाणकार रहिवासी आहे. या पुस्तकात तांदुळज्याला टोमॅटोपेक्षा जास्त पानं दिली आहेत, ती विचार करूनच.

आपल्याकडे पेरणीचे तीन दरवाजे आहेत, वसंताचा एक नव्हे. पहिला मृगाचा. सात-आठ जूनला मृग लागतो. त्याच्या दोन-तीन आठवडे आधी सावलीत वांगी-मिरचीची रोपं टाकायची आणि पाऊस पडून माती निवली, की भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारलं, दुधी टोकायचे. दुसरा दसऱ्याच्या आसपासचा. ऑक्टोबरचा उष्मा उतरू लागला, की टोमॅटो, कोबी, मेथी, पालक, मुळा, गाजर, कोथिंबीर. आमच्याकडे ज्याला भेदरं म्हणतात ते टोमॅटो या दरवाजातून आत घेतले, तर जानेवारीत फांद्या वाकतील एवढे येतात. तिसरा दरवाजा संक्रांतीनंतरचा आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. जानेवारीच्या शेवटी ते फेब्रुवारीत काकडी, ढेमसं, भेंडी, गवार टोकली, तर कडक ऊन येईपर्यंत मुळं खोल गेलेली असतात.

हा तिसरा दरवाजा ज्यांना पहायचा असेल त्यांनी विदर्भातल्या नद्यांच्या पात्रात जावं. पाणी ओसरल्यावर कोरड्या वाळूत खड्डे खणून, त्यांत शेणखत भरून डांगर, टरबूज, काकडी लावतात. त्याला डांगरवाडी म्हणतात. वर वाळू भाजत असते आणि खाली हात-दोन हातांवर ओल असते. वेलाची मुळं ती ओल गाठतात आणि ऐन वैशाखात टरबुजं भरतात. उन्हाळ्यात भाजी घेण्याचं सगळं शास्त्र त्या खड्ड्यात आहे: उन्हाच्या आधी मुळं खाली पोचवा.

काळ्या मातीविषयी एक शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वाफसा. पाऊस किंवा पाणी दिल्यानंतर एक वेळ अशी येते, की मातीत ओलही असते आणि हवाही असते. मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोचला तर भुगा होतो. तो वाफसा. त्याआधी पेरलं तर बी चिखलात गुदमरतं, त्यानंतर पेरलं तर दगडात. काळ्या मातीत ही वेळ एखाद-दोन दिवसांचीच असते. शेतकऱ्याला ती पायाखालून कळते. घरच्या बागेत आपण पाणी आपल्या हाताने देतो, म्हणून वाफसाही आपल्या हाताने आणता येतो. संध्याकाळी वाफा भिजवावा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेरावं. पेरून मग भसकन पाणी ओतण्याची सवय मात्र सोडावी. त्याने बी वाहून एका कोपऱ्यात जातं आणि वर कडक पापडी धरते. कोंब ती पापडी फोडता फोडता थकून मरतो.

पाण्यावरून आठवलं. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी आणि अंगणात पडलेल्या नळीतलं पाणी हाताला चटका देतं. दुपारी तोटी सोडून सरळ रोपांवर धरली, की रोपं डोळ्यांदेखत उकडून जातात, आणि माणूस म्हणतो, एवढं पाणी घालूनही जळाली कशी! नळीतलं पहिलं पाणी बादलीत काढावं. पाणी द्यावं ते सकाळी सूर्य वर येण्याआधी. दोन रोपांमध्ये एक चकाकी न दिलेलं, पाझरणारं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून ते भरून ठेवलं, तर आणखीच उत्तम. मुळं पाण्यापर्यंत चालत येतात.

आता गोणपाटाची गोष्ट. उन्हाळ्याच्या अखेरीस टाकलेल्या वांगी-मिरचीच्या वाफ्यावर ओलं गोणपाट अंथरायचं असतं. त्याखाली माती गार राहते, मुंग्या बी ओढून नेत नाहीत आणि पापडी धरत नाही. पण ते उचलायची वेळ फार नाजूक असते. पाचव्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी गोणपाटाची कड वर करून कंदिलासारखा टॉर्च धरून पाहते. आधी काहीच दिसत नाही. मग मातीला केसाएवढ्या बारीक चिरा पडतात. दुसऱ्या दिवशी त्या चिरांतून पांढुरक्या कमानी वर आलेल्या असतात. कोंब सरळ वर येत नाही. मान वाकवून, पाठीने माती ढकलत येतो, म्हणजे टोकाची कोवळी पानं खरचटत नाहीत. वाफ्यावर अशा पाच-पंचवीस कमानी दिसल्या, की त्याच संध्याकाळी गोणपाट उचलायचं. सकाळी उचललं तर दिवसभराचं ऊन अंगावर येतं. एक दिवस उशीर केला तर रोपं उजेडाच्या शोधात दोऱ्यासारखी लांब होतात आणि तिथून पुढे मातीलगत काळी पडून आडवी होतात. रोप कोलमडणं म्हणतात ते हेच. मातीतली बुरशी ते करते, पण तिला वाट आपण करून देतो: दाट पेरून, जास्त पाणी घालून आणि गोणपाट विसरून.

या बुरशीवर आपल्या उन्हासारखा उपाय नाही. रोपवाटिकेची जागा एप्रिल-मेमध्ये चांगली भिजवून तिच्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरावं, कडा मातीने बुजवाव्यात आणि चार ते सहा आठवडे तसंच राहू द्यावं. प्लास्टिक पारदर्शकच हवं, काळं नको. आतली ओली माती एवढी तापते, की रोगाच्या बुरशा आणि तणांचं बी बहुतांशी मरून जातं. थंड देशांत हे इतकं चांगलं साधत नाही. ज्या उन्हाला आपण वर्षभर बोल लावतो, ते इथे फुकट राबतं.

वेलांच्या बाबतीत माझ्याकडे येणारी तक्रार नेहमी एकच असते: फुलं येतात पण फळ धरत नाही. पहिली फुलं नराची असतात, ती गळणारच. मादीच्या फुलामागे बोटभर इवलासा दुधी किंवा दोडका आधीच असतो. पण खरी अडचण वेळेची आहे. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. दोडका संध्याकाळी चार-पाचनंतर उमलतो. दुधीचं पांढरं फूल तिन्हीसांजेला उमलतं आणि रात्रीच्या पतंगांची वाट पाहतं. शहरात दिव्यांच्या झगमगाटात ते पतंग फारसे येत नाहीत. मग आपणच जायचं. सात वाजता नराचं फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि आतला पिवळा पराग मादीच्या फुलावर हलकेच टेकवायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान खाली घातलेला छोटा दुधी टपोरा होऊ लागतो. माझी नात हे काम माझ्याहून नेमकं करते. एक सूचना मात्र काटेकोर पाळा. दुधी, दोडका, काकडी चाखून कडू लागली तर ती खाऊ नका, रस तर मुळीच पिऊ नका. त्या कडूपणाने माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

इथवर आलेल्या वाचकाला मी शेवटच्या, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या प्रकरणाकडे नेते. ते आहे बी धरण्याचं.

आजींच्या स्वयंपाकघरातल्या उतरंडीत एका गाडग्यात राख असे आणि राखेत वांग्याचं, चवळीचं, वालाचं बी. दुधीचं बी वाळलेल्या तुंब्यातच ठेवलेलं, तोंडाला शेणमातीचा लिंपा. राख ओल शोषते आणि किडींना अडवते. हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञाने पुढे हेच आकड्यांत मांडलं: बियातली ओल एका टक्क्याने कमी केली, की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरवलं, तरीही दुप्पट. आमच्या अकोल्यातच राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोचं प्रादेशिक केंद्र आहे. या संस्थेच्या दिल्लीतल्या जनुकपेढीत बियाणं उणे अठरा अंशांवर ठेवतात. तिथला गोठणखोलीचा कप्पा आणि आजींचं राखेचं गाडगं एकाच नियमावर चालतात. घरी एवढंच करा: बी सावलीत खडखडीत वाळवा, घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर ती घरच्या हवेला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर बियांना घाम सुटतो. कांद्याचं बी एका वर्षापलीकडे धरवत नाही. वांगी-टोमॅटोचं तीन-चार वर्षं सहज टिकतं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी आपल्या मातीच्या घरात गावठी वाणांची बियाणं जमवली, वाढवली आणि बायाबायांमध्ये वाटली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा पुष्कळांना प्रथमच कळलं, की घरचं बी राखणं हेही राष्ट्रीय काम असू शकतं. शाळेची पायरी न चढलेल्या एका आदिवासी बाईने हे केलं. आपण शिकलेल्यांनी निदान एक वाण तरी सांभाळावं.

संकरित बियाण्याशी माझं वैर नाही. भरघोस येतं, हे खरंच आहे. पण त्याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी झाडं आईसारखी येत नाहीत, चार तऱ्हांची येतात. म्हणजे दरवर्षी दुकानाची पायरी. सरळ वाणाचं तसं नाही. परभणी क्रांती भेंडीचं बी एकदा आणलं, दोन शेंगा झाडावर वाळू दिल्या, की पुढच्या वर्षीची सोय झाली. शिवाय एक गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. या अंगणात, या पाण्यावर, या उन्हात जी झाडं तगली, त्यांचंच बी वर्षानुवर्षं धरत गेलं, की रोपं हळूहळू इथली होत जातात. माझं हिरव्या काट्याचं भरिताचं वांगं आता एप्रिलच्या शेवटापर्यंत फळतं. पहिल्या वर्षी ते फेब्रुवारीतच थांबलं होतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना वाटेल, हे सगळं सांदवाडीवाल्यांचं. त्यांच्यासाठी गच्ची आणि खिडकीचं प्रकरण वेगळं आहे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी गणिताचे प्राध्यापक असूनही प्रयोग परिवार उभा करून दाखवून दिलं, की घरातला ओला कचरा आणि पानं यांतूनच माती घडवता येते आणि थोड्या जागेत पडणारं ऊन मोजून वापरता येतं. गच्चीवरच्या कुंडीची एकच अडचण मोठी असते. तिच्या भिंती तापून मुळं शिजतात. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, पश्चिमेच्या बाजूला चवळीचा किंवा पोईचा वेल चढवा, काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या टाळा.

हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचण्याची गरज नाही. ज्या नक्षत्रात हातात येईल, त्या नक्षत्राचं पान काढा. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आळी करण्याची रीत आहे. हात-दीड हात खोल खड्डा, तळाला पालापाचोळा, वर कुजलेलं शेणखत आणि माती, आणि मग दोन बादल्या पाणी. आजी त्या दिवशी शकुनाचे दोनच दाणे टाकत, बाकीचं बी मृगाला. मधल्या महिनाभरात ते आळं आतून मऊ आणि गार होत असे. आज सकाळी मी पाच आळी करून त्यांवर गवताचं आच्छादन घातलं आहे. तुम्हीही एक करा, आणि घरात जे जुनं बी असेल त्यातले दहा दाणे आजच ओल्या फडक्यात बांधून ठेवा. आठवड्याने सात उगवले तर ते पेरायला योग्य आहे. तीन उगवले तर मृगाच्या आत नवीन मिळवा, आणि शक्यतो शेजारच्या काकूंकडून मिळवा.

अकोला
अक्षय्य तृतीया